पाणचक्कीजवळचे बिऱ्हाड

पुतणीस विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा मोताळ्याहून राजूरचा घाट चढून आम्ही व वहिनी छत्रपती संभाजीनगरास बिऱ्हाड पाहावयास गेलो. एका चुलीच्या दोन होणार म्हणून दादांचे तोंड आधीच उतरलेले होते.

बेगमपुऱ्याकडील तिसऱ्या मजल्यावरची एक जागा आम्हांस फारच आवडली. गच्चीतून खाम नदी व पाणचक्कीच्या आवारातील तो प्रचंड वड दिसे. सायंकाळी तेथे जाऊन बसलो. डोंगरातील झऱ्यांचे पाणी मातीच्या नळांनी जमिनीखालून आणून, उंच भिंतीत आपल्याच दाबाने वर चढवून हौदात पाडिले आहे. या पाण्याच्या जोरावर अठराव्या शतकात जाते फिरे आणि दर्ग्यातील फकिरांचे दळण होई. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहरास नहरींचे पाणी दाखविले, त्याच परंपरेतील हे काम.

वहिनींनी मात्र घरमालकिणीस एवढेच विचारिले, "नळास पाणी केव्हा येते?"

"आठवड्यातून एकदा."

त्या उन्हाळ्यात पैठणच्या नाथसागरातून येणारे पाणी त्या गल्लीत तितकेच पोचत होते.

"भावोजी, नळगंगेच्या धरणाशेजारी वाढलेली पोर येथे घागरी मोजीत अभ्यास करणार काय?"

आम्ही निरुत्तर झालो. अखेर आतल्या गल्लीत, अंगणात भरलेला आड असलेल्या घराच्या तळमजल्यावरील दोन अंधाऱ्या खोल्या ठरविल्या. खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसते. भाडे पाचशे रुपयांनी अधिक. दादांस ते अद्यापि सांगितलेले नाही.