एका ढोलसंचाची जन्मपत्रिका

घरांतील जुन्या वस्तूचें वय विचारलें असतां आपल्याकडे बहुधा एकच उत्तर मिळतें : "आजोबांच्या वेळचें." मग तें पितळेचें घंगाळ असो, संध्येची पळीपंचपात्री असो, कीं भिंतीवरचें बंद पडलेलें घड्याळ असो. पुढें नातू स्वतः आजोबा झाला म्हणजे तीच वस्तु पणजोबांची होते, आणि कोणी कांहीं बोलत नाहीं. यांत लबाडी नसते, प्रेम असतें. तथापि प्रेमानें सांगितलेलें वय व वस्तूनें स्वतः सांगितलेलें वय हीं दोन निराळीं असूं शकतात, आणि कधीं कधीं दुसरें ऐकून घेतल्यानेंच एखाद्या मनुष्याचें ऋण फिटतें. अशा एका प्रसंगाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें बरेच दिवस मनांत होतें.

मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें. निवृत्त झाल्यापासून वाशीस मुलाकडे असतों. नवी मुंबई वसविणारें सिडको मंडळ १९७० सालीं स्थापन झालें. मूळचीं आगरी-कोळ्यांचीं गांवें सोडलीं तर येथें माझ्याहून वडील अशी इमारत सांपडणें कठीण. 'जुनें' या शब्दाला आमच्या वसाहतींत आश्रय मिळतो तो माणसांनीं बरोबर आणलेल्या सामानांतच. आमच्या खालच्या मजल्यावर गोव्याकडील एक ख्रिस्ती बाई एकट्या राहतात. त्यांचे यजमान लग्नसमारंभांतून व हॉटेलांतून ड्रम वाजवीत. ते वारल्यास बरींच वर्षें झालीं. त्यांचा ड्रमसेट मात्र चादरीखालीं झांकून ठेवलेला होता.

एके दिवशीं त्या बाई वर आल्या व म्हणाल्या, "मास्तर, तुमचें अक्षर चांगलें आहे. एक कागद लिहून द्याल?" मजकूर असा हवा होता कीं, हा संपूर्ण ड्रमसेट त्यांच्या सासऱ्यांचा असून तो १९३६ सालीं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजविला गेला आहे. जुन्या वाद्यांचा एक व्यापारी येऊन गेला होता. असा कागद असल्यास तो मोडीच्या भावाच्या कितीतरी पट रक्कम देण्यास तयार होता. बाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. सासरे सासष्टींतून मुंबईस आलेले ड्रमवादक होते हें खरें. १९३५ सालीं लिऑन ॲबे यांचा अमेरिकन वाद्यवृंद ताजमध्यें आला व पुढें गोव्याच्या अनेक वादकांनीं तें जाझ संगीत आत्मसात केलें, हेंही खरें. बाईंच्या घरीं ही परंपरा पिढ्यान्पिढ्या सांगितली जात होती. त्या खोटें बोलत नव्हत्या. परंतु सहीनिशीं कागद लिहून द्यावयाचा तर वस्तु पाहिल्यावांचून कसा द्यावा? मीं दोन दिवसांची मुदत मागितली.

घरीं सूनबाई म्हणाली, "बाबा, एका कागदानें त्यांचे गुडघे नीट होणार असतील, तर दहा-वीस वर्षें इकडे-तिकडे झालीं म्हणून काय बिघडतें?" हा प्रश्न क्षुल्लक नव्हता, व त्याचें उत्तर मजजवळ त्या वेळीं तयारही नव्हतें.

ड्रमसेट म्हणजे काय, हें आपल्या शास्त्राच्या भाषेंत सांगणें सोपें आहे. भरतमुनींनीं वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केले. चामड्यानें मढविलेलीं तीं अवनद्ध व धातूंचीं तीं घन. नाट्यशास्त्रांत अवनद्ध वाद्यांची उत्पत्ति मोठी रम्य सांगितली आहे. अनध्यायाच्या दिवशीं स्वातिमुनि पाणी आणण्यास सरोवरावर गेले असतां पाऊस आला. लहानमोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे ध्वनि त्यांनीं ऐकले व तेच पुढें मृदंगादि वाद्यांत उतरविले. ड्रमसेटांत अवनद्ध व घन हीं दोन्ही कुळें एकाच मनुष्याच्या हाताखालीं, नव्हे हातापायांखालीं, आलीं आहेत. पूर्वीं मोठा ढोल एकानें, लहान ढोल दुसऱ्यानें व झांजा तिसऱ्यानें वाजवाव्या असा प्रघात होता. पायानें मोठा ढोल वाजविण्याचें सुटसुटीत पेडल १९०९ सालीं शिकागोच्या लुडविग बंधूंनीं प्रचारांत आणलें, आणि तिघांचें काम एकाकडे आलें.

आतां वय ठरवावयाचें कसें? त्यासाठीं मला नवी विद्या शिकावी लागली नाहीं. वर्गांत कालिदासाचा काल शिकवितांना जी रीत सांगत आलों तीच येथें लागू पडली. कालिदासानें आपला शक लिहून ठेविला नाहीं. परंतु त्याच्या 'मालविकाग्निमित्रा'चा नायक शुंग राजा अग्निमित्र आहे. म्हणून कवि त्याच्या पूर्वींचा नव्हे. आणि ऐहोळे येथील शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४ च्या शिलालेखांत रविकीर्तीनें कालिदासाचें नांव घेतलें आहे. म्हणून तो त्याच्या नंतरचा नव्हे. एक पूर्वमर्यादा, एक उत्तरमर्यादा. सत्य या दोहोंच्या मध्यें. जितक्या मर्यादा जवळ आणाव्या तितका काल निश्चित.

नातवानें बॅटरी धरली, पेचकसानें कांहीं भाग सोडविले, आणि आम्हीं एकेक साक्षीदार तपासला.

पहिला साक्षीदार चामडें. तें चामडें नव्हतेंच. पॉलिएस्टरचा पारदर्शक पडदा होता. हे पडदे अमेरिकेंत १९५६-५७ च्या सुमारास बाजारांत आले. त्यापूर्वीं वासराचें कातडें ओलें करून लाकडी कड्यावर चढवीत व पावसाळ्यांत तें सैल पडे. नातू लगेच म्हणाला, "आजोबा, म्हणजे १९३६ चें नाहीं!" मीं त्यास थांबविलें. पडदा फाटतो व बदलतो. पोथीला नवें बासन बांधलें म्हणून पोथी नवी होत नाहीं. जो भाग सहज बदलतां येतो त्याची साक्ष दुबळी. जो अंगभूत असतो त्याचीच साक्ष बळकट. पेडल, झांजा, स्टँड हेही याच न्यायानें बाजूस ठेविले.

दुसरा साक्षीदार टॉमटॉम, म्हणजे वर बसविलेला मध्यम ढोल. अमेरिकेंत १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या ढोलांचें खालचें कातडें खिळे ठोकून बसवीत. तें ताणतां येत नसे. जीन क्रुपा या वादकाच्या आग्रहावरून स्लिंगरलँड कंपनीनें त्या सुमारास दोन्ही बाजू स्क्रूंनीं ताणतां येतील असे टॉमटॉम काढले. स्वस्त वाद्यांपर्यंत ही सुधारणा उतरण्यास अर्थातच आणखी काळ लागला. आमचा टॉमटॉम दोन्ही बाजूंनीं ताणण्याचा होता. शिवाय मोठ्या ढोलाचा व्यास अवघा वीस इंच. महायुद्धापूर्वींचे मोठे ढोल सव्वीस-अठ्ठावीस इंचांचे असत. वीस-बावीस इंचांचे पुढें रूढ झाले.

तिसरा साक्षीदार लाकूड. पडदा काढून आंत पाहिलें तों तीन पातळ थरांचें तांबूस प्लायवूड. तें वांकूं नये म्हणून दोन्ही कडांना आंतून जाड लाकडी कडीं. फिलिपाइन्सकडचें लुआन नांवाचें हें हलकें लाकूड जपानी कारखान्यांत स्वस्त ढोलांसाठीं सर्रास वापरीत. बाहेरून चकाकणाऱ्या प्लॅस्टिकचें आवरण होतें, हिरवट रंगाचें. स्क्रू ज्यांत बसतात असा एक धातूचा ठोकळा काढला, तों त्याखालीं तेंच आवरण स्वच्छ निळें! वरचा पारदर्शक थर उजेडानें पिवळा पडतो, आणि निळ्यावर पिवळें आलें कीं हिरवें दिसतें. म्हणजे ते ठोकळे आरंभापासून तेथेंच होते. मागाहून कोणी डागडुजी करून बसविलेले नव्हते.

चौथा साक्षीदार बिल्ला, आणि येथेंच बहुतेक लोक फसतात. बिल्ल्यावर एक भारदस्त इंग्रजी नांव होतें व खालीं बारीक अक्षरांत 'जपान'. हें नांव कारखान्याचें असतेंच असें नाहीं. ९ फेब्रुवारी १९६४ रोजीं बीटल्स हें चौकट अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकलें, त्यांच्या रिंगो स्टारला पाहून घरोघरच्या मुलांनीं ड्रमचा हट्ट धरला, आणि थोरल्या कंपन्यांची किंमत न परवडणाऱ्या आईबापांसाठीं जपानी माल जहाजें भरभरून निघाला. एकाच कारखान्यांतून निघालेल्या ढोलांवर मागेल त्या व्यापाऱ्याच्या नांवाचा बिल्ला ठोकीत. पोथीच्या मालकाचें नांव पाहून त्यालाच ग्रंथकर्ता समजावें, तसा हा प्रकार. बिल्ला दुकान सांगतो, जन्मदाता सांगत नाहीं. 'जपान' हा शब्द मात्र बरेंच सांगून जातो. पर्ल कंपनीनेंही ढोल करण्यास आरंभ केला तो १९५० सालीं. एकंदरींत या ढोलांची पूर्वमर्यादा १९५० च्या पुष्कळ अलीकडे, बहुधा १९६४ च्या आसपास येत होती.

राहिला स्नेअर, म्हणजे लहान ढोल. तो या कुटुंबांतला नव्हताच. पितळेचें अंग, त्यावर निकेलचा मुलामा. निकेलची झांक पिवळसर व उबदार असते, क्रोमची निळसर व थंड. एका बाजूस अजून खरें कातडें, आणि कोरलेलीं अक्षरें 'मेड इन इंग्लंड'. याची घडण जुन्या वळणाची होती व बाकीच्या ढोलांशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. ज्याला आम्ही संहितेंत संमिश्र पाठ म्हणतों, तसा हा संच : एक जुना श्लोक आणि भोंवतीं नवा अध्याय.

पूर्वमर्यादा हातीं आली. उत्तरमर्यादा बाईंच्याच भिंतीवर टांगलेली होती. त्यांच्या लग्नाचें छायाचित्र, मागें १९६९ सालचा छाप. वधूवरांच्या पाठीमागें मित्रमंडळींचा बँड आणि मोठ्या ढोलाच्या दर्शनी पडद्यावर रंगविलेलीं दोन अक्षरें. तीं सासऱ्यांच्या नांवाचीं नव्हतीं. यजमानांच्या नांवाचीं होतीं.

मीं बाईंना सर्व क्रमानें सांगितलें. मोठा ढोल व टॉमटॉम बहुधा १९६४ ते १९६९ च्या दरम्यानचे, जपानी, साध्या किंमतीचे. ताजमध्यें १९३६ सालीं ते वाजणें शक्य नाहीं. लहान ढोल मात्र जुना आहे, आणि सासऱ्यांचा असल्यास तो. बाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मला वाटलें, व्यापाऱ्याची रक्कम गेल्याचें दुःख झालें असावें. मग त्या हळूच म्हणाल्या, "लग्नानंतर दोन वर्षें ते दर महिन्याला एका तारवट्याला पैसे देत होते. मी समजत होतें, सासऱ्यांनीं करून ठेवलेलें कर्ज फेडताहेत. त्यावरून मी त्यांना बोललें पण होतें." गोव्याकडे बोटीवर चाकरी करणाऱ्यास तारवटी म्हणतात. परदेशी माल मिळण्याची त्या काळीं मारामार. बोटीवरून कोणी तरी तो संच आणून दिला असेल व हप्त्यांनीं पैसे घेतले असतील. हें मीं सिद्ध करूं शकत नाहीं. परंतु सर्व पुराव्याशीं तें जुळतें. "म्हणजे हे त्यांनीं स्वतः घेतले," असें म्हणून बाईंनीं त्या हिरवट ढोलावरून हात फिरविला. पन्नासांहून अधिक वर्षें त्या ढोलाचें श्रेय बापाच्या खात्यावर जमा होत होतें व कर्जाचा बोल मुलाच्या.

सूनबाईच्या प्रश्नाचें उत्तर मला तेथें मिळालें. दहा-वीस वर्षें इकडे-तिकडे केल्यानें बिघडतें तें हें, कीं मधला एक मनुष्य पुसला जातो.

मीं कागद लिहिला, पण जें दिसलें तेवढेंच लिहिलें. तो वाचून व्यापारी गेला तो परत आला नाहीं. पुढें खारघरच्या एका तरुण वादकानें मोठा ढोल व टॉमटॉम मोडीहून बऱ्या पण व्यापाऱ्याहून पुष्कळच कमी रकमेला नेले. असल्या जपानी ढोलांचा मऊ व आटोपशीर नाद त्याला आवडत होता, आणि वय खरें कळल्याचें त्याला समाधान वाटलें. लहान ढोल बाईंनीं दिला नाहीं. शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर, त्यांच्या मुलीनें उरलेली रक्कम पाठविल्यावर झाली. ते चार महिने त्यांनीं काठी टेकून काढले. सत्य फुकट मिळत नाहीं, हें येथें नमूद करणें अवश्य आहे.

वाचकांच्या घरींही माळ्यावर एखादा तबला, बाजाची पेटी, सतार वा बुलबुलतरंग पडलेला असेल. त्याचें वय ठरविण्याची हौस वाटल्यास प्रथम घराण्यांतील आख्यायिका ऐकून घ्यावी, पण लगेच लिहून ठेवूं नये. बिल्ला वाचावा, पण त्यावर विसंबूं नये. बदलतां येणारे भाग वेगळे काढावे व अंगभूत भागांना प्रश्न विचारावे. कोठेंही घासपूस करूं नये. जुना रंग, मळ व ओरखडे हाच पुरावा असतो. मग जुनीं छायाचित्रें व पावत्या शोधाव्या. आणि घरांतील सर्वांत वृद्ध बाईला विचारावें कीं, त्या काळीं दर महिन्याला पैसे कोणाला जात होते. ही शेवटची सूचना कोणत्याही शास्त्रग्रंथांत नाहीं. परंतु वस्तु कोणी घेतली एवढ्यावर न थांबतां ती कोणाच्या घामानें घेतली गेली, हेंही तिच्यामुळेंच कळतें.