वारा कुठला आहे?

मार्च लागला की वर्तमानपत्रांत एकच मथळा फिरतो: पारा चढणार. तो चढणारच. २०-२१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर येतो, पुढे उत्तरेकडे सरकतो. त्यात बातमी कसली? या दिवसांत आठवड्याचा अंदाज हाती आला की कमाल तापमानाचा रकाना मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी वारा, मग ढग, मग किमान तापमान. फाल्गुनातल्या आठवड्याचं खरं गणित वारा जमिनीवरून येतोय की समुद्रावरून, यावर असतं.

*

हवामान खात्याच्या हिशेबी आपले विभाग चार: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. यातलं ‘मध्य महाराष्ट्र’ नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेलं. जळगावची भाजणारी दुपार आणि महाबळेश्वरची गार संध्याकाळ एकाच वाक्यात बसवायची. तेव्हा ‘मध्य महाराष्ट्रात पावसाची शक्यता’ एवढं ऐकून ताडपत्री शोधायला धावू नये, जिल्ह्यांचा तक्ता उघडावा.

त्यातही ‘तुरळक ठिकाणी’ असं म्हटलं असेल, तर विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. म्हणजे तीन चतुर्थांश गावं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच. कोरडी राहिलेली गावं मात्र वेधशाळेच्या नावाने हसतात.

*

मुंबईत मार्चचा ताप सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान ठरतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. खारा वारा दुपारच्या सुमारास शहरात शिरला की पारा तिशीच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. पूर्वेकडचा, जमिनीवरून तापून आलेला वारा जोरात असला की समुद्राचा वारा अडतो. दोन-अडीचपर्यंत आला नाही तर अडतीस-एकोणचाळीस ठरलेलं. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले, तो तिथला मार्चचा विक्रम. म्हणजे ‘पूर्वी असं नव्हतं हो’ हे सरसकट खरं नाही. उष्म्याचे दिवस वाढले आहेत हे खरं, पण पूर्वेचा वारा नवा नाही.

तापमानाच्या चौकटीत वाऱ्याची दिशा छापायला वर्तमानपत्रांना एक ओळ लागेल. छापत नाहीत.

*

उष्णतेची लाट म्हणजे फार उकडतंय असं नव्हे. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४०, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०. शिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असायला हवं. त्यामुळे एखाद्या दिवशी मुंबईत ३८ अंशांना लाट जाहीर होते आणि अकोल्यात ३९ ला कुणी ब्र काढत नाही. अकोलेकर हे वाचून जे म्हणतात ते इथे छापण्यासारखं नाही.

*

होळी जळाली, थंडी पळाली, असं आपण म्हणतो. पुण्याची पहाट ते ऐकत नाही. मार्चच्या सुरुवातीला पुण्यात पहाटे पंधराच्या आसपास आणि दुपारी पस्तीस. स्वेटर घालून निघालेला माणूस अकरा वाजता उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी उभा. हवा कोरडी, आकाश मोकळं, त्यामुळे जमिनीने दिवसभर घेतलेली उष्णता रात्री सरळ निघून जाते.

म्हणूनच किमान तापमानाकडे लक्ष ठेवायचं. दुपार तशीच राहिली आणि पहाट मात्र दोन-तीन दिवसांत चार अंशांनी उबदार झाली, तर हवेत ओल आली आहे, रात्री ढग येताहेत. ही ओल बहुधा बंगालच्या उपसागरावरून आलेली असते, कधी अरबी समुद्रावरून. अवकाळीची पहिली वर्दी ही. दुपारच्या आकड्यात ती दिसत नाही.

*

तासगावकडच्या एका ओळखीच्या बेदाणेवाल्यांचा दर हंगामात फोन येतो. “दादा, तुमच्या पुण्यात काय म्हणतात?” पुण्यातल्या प्रत्येक माणसाला वेधशाळेतलं आतलं कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. तिला थोडा आधारही आहे: हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, शिवाजीनगरच्या चौकाला ‘सिमला ऑफिस’ हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचा प्रश्न तापमानाचा नसतोच. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरली, की पुढचे दोन आठवडे त्यांना हवा असतो फक्त कोरडा वारा. चौतीस की सदतीस, फारसं बिघडत नाही. आभाळ आलं, हवा दमट झाली की माल वाळायचा थांबतो, रंग काळवंडतो, आणि बेदाण्याचा भाव रंगावर. एकदा बुडवलेली द्राक्षं परत बाजारात विकता येत नाहीत.

अडचण अशी की भरवशाचा अंदाज चार-पाच दिवसांचा आणि बेदाणा वाळायला लागतात पंधरा. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचाही अंदाज देतं, पण त्यात आठवड्याची सरासरी कुठे झुकते तेवढंच कळतं; बुधवारी दुपारी त्यांच्या शेडवर काय होईल हे नाही. “म्हणजे निम्मं शास्त्र आणि निम्मा गणपती,” ते म्हणाले. मला यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही.

निफाड-दिंडोरीकडे काळजी वेगळी. तिथे घड वेलीवर आहेत, साखर भरलेली आहे. अशा वेळी पावसाची एक सर आली की मणी तडकतात.

*

गारपीट याच दिवसांत का? भर पावसाळ्यात ढग कितीतरी असतात, गारा मात्र क्वचित. मार्चमध्ये वातावरणातली शून्य अंशाची पातळी पावसाळ्यातल्यापेक्षा खाली असते, त्यामुळे गार वाटेतच विरघळून जायला वेळ मिळत नाही. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून जाताना वरच्या थरात गार, कोरडी हवा आणतात; खाली उपसागराची ओल आणि तापलेली जमीन. या दोन्हींची गाठ विदर्भ-मराठवाड्यावर पडली की दुपारी तीननंतर ढग सरळ वर चढतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत हे पुन्हा पुन्हा घडलं. काढणीला आलेला गहू, हरभरा, बागांमधलं फळ, सगळं झोडपून निघालं.

नकाशावर विदर्भापासून खाली दक्षिणेकडे वाऱ्याच्या दिशाबदलाची रेघ दाखवलेली असली की त्या आठवड्यात हरभऱ्याच्या गंजी उघड्या ठेवू नयेत.

*

कोकणात आंबेवाल्याला ढग नको आणि कडक ऊनही नको. ढगाळ हवेत मोहोरावर तुडतुडे आणि भुरी. अचानक तापलं की वाटाण्या-सुपारीएवढ्या कैऱ्यांची गळ, आणि मोठ्या झालेल्या फळात साका. बाहेरून देखणा हापूस कापल्यावर आत पांढुरका निघतो, त्यात फळाला बसलेल्या उष्णतेचा मोठा वाटा असतो. मार्चमध्ये पूर्वेचा वारा मुंबईला तापवतो तसाच रत्नागिरी-देवगडलाही, फरक इतकाच की तिथे कुणी त्याची बातमी करत नाही.

*

मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत कमाल तापमानाच्या दृष्टीने देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. वर्षभराने फेब्रुवारी २०२३ ने फेब्रुवारीचा उच्चांक मोडला. दाणा भरताना गव्हाला ही घाई सोसत नाही, तो बारीक राहतो. वसंत नावाचा ऋतू आपल्याकडे तसाही कवितेतच जास्त टिकतो, आता तिथेही आवराआवर करावी लागेल.

*

पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. पिवळ्यालाच शाळा सुटणार का विचारणारे आणि लाल असताना झाडाखाली मोटारसायकल लावून उभे राहणारे, दोघांनीही हे एकदा वाचावं. मार्चमधली वीज पावसाच्या आधी येते, कधी पावसाशिवायही. गडगडाट ऐकू आला की रान सोडायचं, झाडाचा आडोसा घ्यायचा नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे अॅप याच कामासाठी आहे, फुकट आहे.

*

शेतीसाठीचा जिल्हावार अंदाज ग्रामीण कृषी मौसम सेवेतून आठवड्यात दोनदा निघतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, ढग, वाऱ्याचा वेग आणि दिशा, आणि खाली पिकांसाठी सल्ला, मराठीत. गहू, हरभरा, उन्हाळ कांदा यांतलं काही काढणीला आलं असेल तर मंगळवारचा अंदाज बघून मजूर सांगा आणि शुक्रवारचा न वाचता माल उघड्यावर टाकू नका.