तिरकिट बसताना

तबल्यावर ‘तिरकिट’ चार आघातांत वाजतो. ‘ति’ मधल्या बोटाने व अनामिकेने शाईवर, ‘र’ तर्जनीने, ‘कि’ डग्ग्यावर डाव्या पंजाने आणि ‘ट’ पुन्हा उजव्या हाताने. घराण्यागणिक बोटे बदलतात, अडचण तीच राहते. नवशिक्याची तर्जनी दुबळी पडते, डावा हात मागे रेंगाळतो, मनगट आखडते. लय चढवली की चारही अक्षरांचा गोंधळ होतो. ठाय लयीत घोटल्यावर काही आठवड्यांनी हात बसतो. बोटांत फारसे काही बदललेले नसते. बदल मेंदूत होतो.

त्याचा गाजलेला पुरावा तबल्याचा नव्हे, चेंडूंचा आहे. जर्मनीत द्रागान्स्की हे संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुणांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवले आणि २००४ मध्ये निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापले. तीन महिन्यांनी एमआरआयमध्ये, हलत्या वस्तूंची दखल घेणाऱ्या भागात करडा पदार्थ वाढलेला दिसला. पुढे २००८ मधल्या एका अभ्यासात अशी वाढ सातव्या दिवशीच आढळली. म्हणजे बदल घडवते ते मुख्यतः नवे शिकणे. तबल्यावरची बसलेली रचना तासन्‌तास उगाळण्याला रियाज म्हणणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

वाढते नेमके काय, हे एमआरआय सांगत नाही. नव्या चेतापेशींची भरती झाली असे तर मुळीच समजू नये. उंदरांवरचे प्रयोग जास्त बोलके आहेत. फटीतून पंजा घालून दाणा उचलायला शिकणाऱ्या उंदराच्या हालचाल-केंद्रात तासाभरातच चेतापेशींच्या शाखांवर नवे काटे फुटतात. पेशींचे नवे सांधे तिथे जुळतात. पेशींना जोडणाऱ्या तंतूंवरचे मायलिनचे वेष्टणही बदलते. २०१४ मधल्या एका प्रयोगात नवे मायलिन बनवणाऱ्या पेशी तयार होऊ न दिलेल्या उंदरांना असमान अंतरावरच्या दांड्यांच्या चाकावर नीट धावणे जमेना. लहानपणी व्हायोलिन हाती घेतलेल्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचा प्रदेश अधिक विस्तारलेला असतो, हे १९९५ मध्येच दिसले होते.

सराव थांबला की वाढ ओसरते. चेंडू शिकलेल्यांनी तीन महिने सराव सोडला, तेव्हा वाढलेला करडा पदार्थ बराचसा मूळ पातळीकडे परतला. तरी सगळे पुसले जात नाही. शिकताना फुटलेल्या काट्यांपैकी काही, उंदरांचा सराव बंद झाल्यावरही महिनोन्‌महिने टिकून राहिले.