फेणीची बाटली आणि राखीव पॅराशूट

या ग्रुपवर मी आजवर पेडण्याची पुनव, जुनी फेरीबोट आणि बँकेतले दिवस यांबद्दल लिहिलं. आजचं लिखाण नातवाबद्दल आहे. त्याची आणि त्याच्या आईची, दोघांचीही परवानगी घेतली आहे. आईची मिळवायला वेळ लागला.

नातू कॅलिफोर्नियात नोकरी करतो. गेल्या नाताळात तो मोपा विमानतळावर उतरला आणि घरी पोचून पाय धुवायच्या आधीच म्हणाला, “आजोबा, चांगली काजूची फेणी कुठे मिळेल? एक बाटली न्यायचीय.” तो स्वतः थेंबही घेत नाही, त्यामुळे मी विचारलं, कुणासाठी? म्हणाला, “माझ्या रिगरसाठी.”

रिगर म्हणजे राखीव पॅराशूट घडी घालून बांधून देणारा परवानाधारक माणूस. त्याने बांधलेल्या पॅराशूटने आपला जीव वाचला की त्याला एक बाटली द्यायची, अशी तिकडच्या उडी मारणाऱ्यांची जुनी पद्धत आहे. ही पद्धत त्याने मला हसत हसत सांगितली आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून गेलो. मीही गप्प आणि तोही गप्प. आमची ही आतून चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं आंब्याच्या मोहरावर बोलत होतो.

पोरगा स्कायडायव्हिंग करतो हे घरात माहीत होतं. शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा त्याच्या आईनेच तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला होता. पण तो विंगसूट घालतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विंगसूटमध्ये हात आणि अंगाच्या मध्ये, तसंच दोन पायांच्या मध्ये कापडाचे पंख असतात. साधी उडी तेरा हजार फुटांवरून मारली तर मिनिटभरात पॅराशूट उघडायची वेळ येते. विंगसूटमध्ये माणूस पुढे सरकत दोन-तीन मिनिटं हवेत राहतो. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नियमाप्रमाणे किमान 200 साध्या उड्या झाल्याशिवाय तो घालता येत नाही. याच्या तेव्हा अडीचशेच्या आसपास झाल्या होत्या, आणि विंगसूटमधली ती विसावी की एकविसावी.

दुसऱ्या दिवशी पडवीत त्याने आमच्या पलंगावरची जुनी चादर पसरली आणि सुतळीच्या दोऱ्या लावून काय झालं ते दाखवलं. मुख्य पॅराशूट उघडलं, पण एका बाजूने आधी फुगलं. दोऱ्यांना पीळ पडला आणि तो भोवऱ्यासारखा फिरायला लागला. पीळ सोडवायला पाय मारले, पण पायात पंख. 2500 फुटांची रेषा त्याने मनाशी आखलेली होती. तिथवर सुटलं नाही तर विचार करत बसायचं नाही. उजव्या बाजूची उशीसारखी मऊ मूठ ओढली की मुख्य पॅराशूट अंगापासून सुटतं, आणि डावीकडची धातूची कडी ओढली की राखीव उघडतं. त्याने दोन्ही ओढल्या, याच क्रमाने. क्रम उलटा झाला तर दोन्ही पॅराशूटं एकमेकांत गुंतू शकतात.

“आणि हात बधिर झाले असते तर?” मी विचारलं. त्यावर त्याने जे सांगितलं ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. पाठीवरच्या पिशवीत एक छोटं यंत्र असतं. माणूस बेशुद्ध झाला तरी ते जमिनीपासून साधारण 750 फुटांवर राखीव पॅराशूट आपोआप सोडतं. पण वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर असला तरच. विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग त्याहून बराच कमी असू शकतो, म्हणजे यंत्राला वाटतं सगळं ठीक चाललंय. ज्या पंखांनी माणूस तरंगतो, तेच पंख यंत्राला फसवतात. म्हणून तिथे स्वतःच्या हाताला पर्याय नाही.

मग मी त्याला डिचोलीची गोष्ट सांगितली. ती इथे लिहिणं भाग आहे, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच आले. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी मी डिचोलीला एका शाखेत होतो. बँकेचं नाव नको. आठवड्याचा पहिला दिवस, खाणीवरच्या कामगारांच्या पगाराची तारीख, बाहेर रांग आणि स्ट्राँगरूमचं कुलूप अडकलं. घाबरलो नाही, कारण डुप्लिकेट किल्ल्यांचा संच दुसऱ्या शाखेत सीलबंद ठेवलेला असतो. जीप पाठवून पाकीट आणवलं. लाखेचं सील शाबूत, सह्या शाबूत. फोडलं तर आत जुन्या कुलपाच्या किल्ल्या! कुलूप बदलून तीन वर्षं झाली होती आणि पाकीट मात्र दरवर्षी रजिस्टरात ‘तपासले, ठीक’ अशा शेऱ्याने पुढे सरकत होतं. त्यातली दोन वर्षांची सही माझी होती. कामगारांना पगार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. त्या रांगेत एक बाई तान्हं मूल घेऊन दिवसभर उभी होती, ती अजून डोळ्यांसमोर येते.

म्हणून मी नातवाला विचारलं, “तुझं राखीव बांधलेलं आहे हे तू नुसतं सील बघून ठरवतोस का?” तो जरा चपापला. मग म्हणाला, सील असतंच, पण तिकडे नियम असा की वापरलं नाही तरी दर 180 दिवसांनी रिगरने ते पूर्ण उघडायचं, कापड-दोऱ्या तपासायच्या, पुन्हा बांधायचं आणि कार्डावर तारीख टाकून सही करायची. तारीख उलटली तर विमानात चढू देत नाहीत. मला ते पटलं. आमच्याकडे हे असतं तर ती बाई उभी राहिली नसती. मग त्यानेच पॅट्रिक द गेयार्दों या फ्रेंच माणसाचं सांगितलं. आजचा विंगसूट ज्याच्यामुळे आला असं मानतात, तो 1998 मध्ये हवाईत गेला. पॅराशूटच्या पिशवीत स्वतःच केलेल्या बदलाची चाचणी घेत होता. इतका जाणकार माणूस!

मग आम्ही केरीला गेलो. पेडण्यातली केरी, सत्तरीतली नव्हे. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथलं पठार. जानेवारी 2025 मध्ये तिथे पॅराग्लायडिंग करताना पुण्याहून आलेली एक तरुणी आणि तिचा नेपाळी पायलट, दोघंही गेले. उड्डाण केल्यावर लगेचच खाली दरीत कोसळले. गुन्हा दाखल झाला, पेपरांत महिनाभर चर्चा झाली. नातू कड्याच्या अलीकडे उभा राहून खाली बघत राहिला. म्हणाला, “पॅराग्लायडरला पण राखीव असतं, हाताने फेकायचं. पण ते फुगायला खाली जागा लागते. आमच्याकडे जमीन खूप लांब असते, तीच आमची श्रीमंती.” मोकळं पडताना हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत संपतात, हे त्याने आधी सांगितलं होतं. मी त्या कड्याकडे बघून सेकंद मोजले आणि मध्येच थांबलो.

परतताना गाडीत तो म्हणाला, “आईला सांगू नका.” मी हो म्हटलं. आजोबा लोक असेच असतात.

तो गेला. फेणीची बाटली चेक-इन सामानात टॉवेलात गुंडाळून गेली. आणि मला ते ओझं पेलेना. त्या केरीच्या बातमीनंतर माझी लेक पुण्याहून दररोज फोन करत होती, कारण मेलेली मुलगी तिच्याच शहरातली होती. तिला काय काय वाटत असेल हे माहीत असून मी तिच्याशी आंब्याच्या मोहरावर बोलायचो. जमाखर्चात एक बाजू दडवून ताळेबंद जुळवायचा, हे मी चाळीस वर्षांच्या नोकरीत केलं नाही. फक्त ते पाकीट न उघडता सही केली, तेवढं एक. हे तसंच होतंय असं वाटायला लागलं. सहाव्या आठवड्यात मी नातवाला फोन केला. म्हटलं, रविवारपर्यंत तू सांग, नाहीतर सोमवारी मी सांगणार.

त्याने शनिवारी सांगितलं. रविवारी लेकीचा मला फोन आला. पहिल्यांदा माझ्यावर चिडली, बरीच चिडली. “बाबा, तुम्हीसुद्धा?” एवढं दोनदा म्हणाली. मी ऐकून घेतलं. मग रडली. मग विचारलं की तो सोडणार आहे का. मी खरं तेच सांगितलं, नाही. विंगसूट मात्र सध्या बाजूला ठेवला आहे, शंभर साध्या उड्या आणखी करून मग बघेन म्हणतोय. तो शब्द पाळेल का, हे मला विचारू नका.

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग पलीकडून कालनिर्णयाची पानं उलटल्याचा आवाज आला.

“ते 180 दिवस कधी भरतात म्हणालात?”

मी माझ्या कालनिर्णयावर गॅसच्या बुकिंगशेजारी लिहिलेली तारीख वाचून दाखवली. तिने लिहून घेतली.