मात्रा चालेना

अकोला आणि अकोले यांत फरक एका मात्रेचा. पण तो फरक काय चीज आहे, हे इंटरनेटची तक्रार नोंदवल्याशिवाय कळत नाही. अकोला थेट विदर्भात. आमचं अकोले प्रवरेच्या काठी, नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं). महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, आमच्याच तालुक्यात; पण तक्रार केंद्रातल्या बाईंपुढे त्याही उंचीची मात्रा चालली नाही.

"सर, अकोला ना?"

"अकोले."

"तेच ना सर!"

दुसऱ्या दिवशी 'आपली तक्रार दूर झाली आहे' असा निरोप आला. विदर्भातल्या कोणा सद्गृहस्थाचं धडधाकट इंटरनेट त्या दिवशी दुरुस्त झालं असावं.

आता तुम्ही म्हणाल, या वयात इंटरनेट हवं कशाला? तर आमची नात बंगळुरात अकरा महिन्यांची झाली आणि पाऊल टाकण्याच्या बेतात आली. मोबाइलच्या टीचभर काचेत सौ.ला धड दिसेना, म्हणून चांगला मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आणून माजघरात मांडला. संध्याकाळी सातला नात उभी राही, एक पाय उचली, आणि तशीच थांबे. एक पाय हवेत, तोंड उघडं. मध्ये एक चकली गरगर फिरत राही. चित्र हलायला लागावं तोवर बाईसाहेब जमिनीवर बसून खुळखुळा चघळत असत.

"म्हणजे मधली पावलं कोणी पाहिली?" सौ.

"कंपनीने," मी.

हे उत्तर तिला विनोदी वाटलं नाही. तीन दिवस ती त्या चकलीकडे ज्या नजरेने बघत होती, ती मला बघवेना.

मग तज्ज्ञ आले. लाइनवाला म्हणाला, लाइन क्लिअर आहे, कॉम्प्युटर बघा. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटर कोरा करकरीत आहे, लाइन बघा. दोन व्याह्यांसारखं: आमची मुलगी सरळ आहे, तुम्ही तुमचा मुलगा बघा! वायरमनने 'अर्थिंग' एवढा एकच शब्द उच्चारला आणि चहा घेऊन गेला. गंमत म्हणजे जुना मोबाइल त्याच माजघरात बिनतक्रार चालत होता.

रोग सापडला तो शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पत्र हरवलं तर आधी कुठल्या टप्प्यावर हरवलं ते बघावं. कॉम्प्युटरमध्ये 'पिंग' नावाची सोय असते. आपण एक चिमुकला निरोप धाडायचा, समोरच्याने पोच द्यायची. मास्तरांनी निरोप बंगळूरला नाही, आमच्याच ओसरीवरच्या राउटरला धाडले. दहा गेले, चार पोचपावत्या आल्या!

"अहो, टपाल ओसरीवरच गहाळ होतंय," मास्तर म्हणाले, "जगाला कशाला शिव्या देता?"

कॉम्प्युटर उचलून राउटरशेजारी ठेवला. दहापैकी दहा. बाहेरच्या पत्त्यावर धाडले, तरी दहा. म्हणजे गुन्हेगार मधली भिंत: आजोबांनी बांधलेली, दोन फुटी, दगडमातीची. राउटर दोन लहरींवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची सावकाश, पण भिंतीतून बरी पार होते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंत दिसली की दम टाकते. जुन्या मोबाइलला सावकाशीचीच येत होती. नव्या कॉम्प्युटरने मात्र नव्या जावयाच्या ऐटीत वेगवान धरली होती! त्याला सावकाशीच्या लहरीवर बसवता आलं असतं; पण मास्तरांचा हवेपेक्षा तारेवर विश्वास. त्यांनी पंधरा मीटरची केबल आणवली, ओसरीवरून देवघराच्या झरोक्यातून माजघरात घेतली. देवांच्या डोक्यावरून वायर जाते म्हणून एरवी घर डोक्यावर घेणाऱ्या सौ.ने स्वतः स्टूल धरलं.

सातला नात उभी राहिली. पाय उचलला. टेकवला. दुसरा उचलला.

"अगं थांब, पडशील!" सौ. ओरडली.

या खेपेला ती थांबली नाही.