मुक्ता, आता प्रिंट काढ

प्रिय मुक्ता,

तुझं कोलाज पाहिलं. तुझ्या आजीचा लग्नातला फोटो, मागे चाळीचा जिना आणि त्यावर तिच्याच हस्ताक्षरातली लोणच्याची कृती. हस्ताक्षराचा लेयर ‘मल्टिप्लाय’वर टाकून वहीचा कागद घालवलास आणि शाई तेवढी ठेवलीस, ते मला फार आवडलं. पदराची कड मात्र नको इतकी गुळगुळीत झालीय. मास्क करताना जरा वेडीवाकडी राहू दे.

आणि हे सगळं स्क्रीनवरच ठेवू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र.

फोटो कापून जोडायचं वेड कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं. ऑस्कर रेलांडरने 1857 साली तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र केलं होतं. आपल्याकडे नाथद्वाऱ्याचे चित्रकार श्रीनाथजींपुढे उभ्या भक्तांची अंगं रंगवायचे आणि चेहरे सरळ फोटोतून कापून चिकटवायचे. विवान सुंदरम यांनी 2001-02मध्ये ‘री-टेक ऑफ अमृता’ केलं ते कॉम्प्युटरवर, आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो घेऊन. अमृता शेरगिल त्यांची मावशी. (भाचरांनी मावशीची दखल घ्यावी ती अशी!)

तू आता असं कर, हे कोलाज कापडावर उतरव. फोटो 600 डीपीआयला स्कॅन कर, म्हणजे दुप्पट आकारात छापलास तरी 300 मिळतील. मग चित्र आडवं उलटव. हे विसरलीस तर आजीचं अक्षर आरशातलं दिसेल. प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातून लेझरवरच काढ. घरच्या इंकजेटची शाई बहुधा पाण्याने फुटते, लेझरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी, तो टिकतो. मांजरपाटाच्या तुकड्यावर अ‍ॅक्रिलिक जेल मिडियमचा सारखा थर दे, प्रिंट पालथा दाब, आतले बुडबुडे काढ आणि रात्रभर वाळू दे. सकाळी ओल्या स्पंजाने कागद भिजवून बोटांनी हलकेच चोळ. कागदाच्या वळकट्या निघत जातात आणि खालून चेहरा वर येतो. वाळल्यावर पांढुरकं दिसलं तर पुन्हा भिजवून चोळायचं. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे फोटोत जिथे पांढरं होतं तिथे मांजरपाटच दिसेल. कुठे नाकाजवळ टवका उडेल, उडू दे. तिथे ‘अनडू’ नाही, आणि मला त्यातच गंमत वाटते.

पदराच्या काठावर खऱ्या रेशमाने धावदोरा घाल. मग सगळं परत स्कॅन कर, कारण टाक्यांच्या बारीक सावल्या स्क्रीनवर कितीही खटपट केलीस तरी तशा येत नाहीत. त्या स्कॅनवर पुन्हा लेयर चढवता येतात, ते तुला सांगायला नको.

मूळ फोटोला कात्री लावायची नाही. आणि लेझर प्रिंट दोन-तीन जास्तच काढ, पहिला बहुतेक फाटतोच.

तुझी,
मावशी