वोल्डगेटचा रस्ता

गेल्या उन्हाळ्यांत कन्येच्या आग्रहावरून आम्हीं उभयतांनीं विलायतेंत लीड्स शहरीं दोन महिने मुक्काम केला. तिकडील राजवाडे, ग्रंथालयें व पदार्थसंग्रहालयें यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. मला लिहावयाचें आहे तें एका साध्या गांवरस्त्याविषयीं.

या रस्त्याची ओळख मला प्रथम चित्रांतून झाली. ब्रॅडफर्डजवळ सॉल्टेअर येथें लोकरीची एक जुनी गिरणी आहे. तिच्या माडीवर डेव्हिड हॉकनी या चित्रकाराचीं वसंतऋतूचीं चित्रें मांडलेलीं होतीं. रस्ता जांभळा, आणि गवत असें हिरवें कीं पोपटानेंही लाजावें! उभा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत घालविलेल्या माझ्या हातास तांबड्या शाईची आठवण झाली. "हा पोरखेळ आहे," असें मी बोलून गेलों. त्यावर आठ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही तो रस्ता पाहिला आहे का?" जांवई हंसले, आणि पुढच्याच रविवारीं त्यांनीं आम्हां सर्वांस मोटारींतून पूर्वेकडे समुद्राच्या बाजूस नेलें.

यॉर्कशायरच्या या भागास वोल्ड्स म्हणतात. खडूच्या दगडाच्या बुटक्या टेकड्या, मधूनमधून कोरड्या दऱ्या, आणि चोहोंकडे शेतें. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या मनुष्यास तेथें पाहण्याजोगें कांहीं आहे असें वाटूं नये. ब्रिडलिंग्टन या बंदराहून किलहॅमकडे जाणारा वोल्डगेट हा रोमन लोकांच्या वेळचा म्हणून सांगतात. रुंदी मात्र जेमतेम दोन गाड्यांची.

हॉकनींचा जन्म 1937 सालीं ब्रॅडफर्ड येथें झाला. विद्यार्थिदशेंत ते सुट्टीमध्यें याच टापूंत शेतावर कामास येत. पुढें कॅलिफोर्नियांतील निळ्या पोहण्याच्या तलावांच्या चित्रांनीं त्यांची कीर्ति सर्वत्र झाली. परंतु साठी उलटल्यावर ते पुन्हां इकडे वळले. आमच्याकडे ज्या वयांत मनुष्य काशीयात्रेच्या गोष्टी बोलूं लागतो, त्या वयांत हे गृहस्थ थंडीवाऱ्यांत रस्त्याच्या कडेस तिवई मांडून उभे राहूं लागले. 2007 सालीं वॉर्टर गांवाजवळील झाडांचें जें चित्र त्यांनीं केलें, तें पन्नास कॅनव्हास जोडून झालेलें, 40 फूट लांब व 15 फूट उंच आहे. एकेक तुकडा उघड्यावर रंगवावयाचा, आणि सगळें मिळून कसें दिसतें तें छायाचित्रें जुळवून संगणकावर पाहावयाचें! एवढें चित्र त्यांनीं टेट संग्रहालयास देऊन टाकलें. 2011 च्या वसंतांत वोल्डगेटचीं चित्रें त्यांनीं आयपॅडच्या काचेवर काढलीं व मोठीं करून छापविलीं. गिरणींत मीं पाहिलीं तीं हींच. त्यांच्या नांवांतच तारखा आहेत. कालिदासानें ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून आरंभून वसंताशीं संपविलें. येथें थंडी इतकी लांबते कीं वसंताचें पाऊल दिवस मोजून टिपावें लागतें.

आम्ही गेलों तेव्हां कुंपणाच्या काटेरी हॉथॉर्नला पांढरा फुलोरा आला होता, जणूं कोणी साय ओतली आहे. रस्ता मात्र प्रथम राखीच दिसला, आणि मी मनांत सुखावलों. मग पाऊस पडून गेला, ऊन आलें, आणि ओल्या डांबरावर पडलेली झाडांची सावली पाहतां पाहतां जांभळी झाली. ‘नीललोहित’ हें शंकराचें नांव म्हणून मीं वर्गांत किती वेळां समजावून दिलें असेल. रंग म्हणून तें डोळ्यांनीं वाचलें तें येथें प्रथम. सगळेच रंग भेटले असें मात्र नाहीं. 2009 सालच्या ‘विंटर टिंबर’ चित्रांतले नारिंगी ओंडके मला कोठें दिसले नाहींत. तो चित्रकाराच्या आनंदाचा भर समजावा.

याच रस्त्याच्या कडेस एका मेलेल्या झाडाचा उंच खुंट होता. हॉकनी त्यास ‘टोटेम’ म्हणत; तो त्यांनीं अनेकदां रंगविला. 2012 च्या अखेरीस कोणी दांडगटांनीं त्यावर रंग फासला व तो करवतीनें कापून टाकला. त्या गोष्टीनें चित्रकार अगदीं खचले. मग त्यांनीं त्या पडलेल्या खुंटाचीं चित्रें कोळशानें काढलीं, आणि 2013 चा वसंत तर रंगास स्पर्श न करितां कोळशाच्या 25 चित्रांत उतरविला.

जांवई हें सांगत असतां मला आमच्या वाईच्या वाड्यांतील कडुनिंब आठवला. तीन वर्षांपूर्वीं मोटारी ठेवण्यास जागा हवी म्हणून तो तोडला. अर्ज धाकट्या बंधूंनीं लिहिला. वडीलकीची सही माझी. घरांतील बायका हळहळल्या, तेव्हां "झाडच तें" असें म्हणून मीं विषय संपविला होता.

"त्याचीं पानें कोणत्या रंगाचीं होतीं?" नातीनें विचारलें.

"हिरवीं."

"चैत्रांत तांबूस असत," आमची मंडळी मागून म्हणाली. "पाडव्याला कोंवळी डहाळी मीच तोडून आणीत असें. तुम्ही चटणी तेवढी तोंडांत टाकीत होतां."

नातीनें मोटारींतून रंगीत खडूंची पेटी आणली. पावसानें भिजलेल्या कडेवर सतरंजी टाकून दोघी बसल्या, आणि आजी सांगूं लागली: झोपाळ्याची फांदी विहिरीच्या बाजूस, बुंधा खालीं काळसर, आणि पूर्वेकडे एक ढोली, तींत दर वर्षीं पोपट येत. मी उभा राहून ऐकत होतों. त्या ढोलीची गोष्ट मला ठाऊक नव्हती.